मोटार सुरू होईना, तेव्हां

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. घरांतील सत्तरी ओलांडलेल्या आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं साडेसातला रुग्णालयांत हजर व्हावयाचें आहे. तिनें देवाला नमस्कार केला आहे, थेंबांची बाटली व कागदपत्रें पिशवींत भरलीं आहेत, आणि ती मोटारीच्या मागच्या आसनावर येऊन बसली आहे. चिरंजीव किल्ली फिरवितात. पुढून कोठून तरी 'टिक्' असा एक आवाज येतो आणि मग शांतता. पुन्हां किल्ली, पुन्हां 'टिक्'. मग तीच किल्ली दहा-बारा वेळां, आणि प्रत्येक वेळीं अधिक जोरानें. जणूं किल्ली जोरानें पिळल्यानें इंजिनाला धाक बसणार आहे! तोंवर वरच्या मजल्यावरचे शेजारी दांत घाशीत गॅलरींत येतात व पेट्रोल संपलें असेल असें सुचवितात. पहारेकरी धक्का मारूं कां म्हणून विचारतो. आणि दूरध्वनीवरून झोपेंतून उठविलेला मेस्त्री, गाडी दृष्टीसही न पडतां, "बॅटरी गेली, नवी घालावी लागेल" असा निकाल देऊन मोकळा होतो.

हें चित्र कल्पित आहे. परंतु ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं तें कोणाला अपरिचित वाटूं नये. यांतील चिरंजीवांनीं करावयाच्या पहिल्या कामाचा मोटारीशीं कांहींच संबंध नाहीं. आईला रिक्षांत बसवून वेळेवर रुग्णालयांत पोंचवावें, आणि मोटारीचा विचार दुपारीं, स्वच्छ उजेडांत व शांत चित्तानें करावा. मूळच्या दोषानें मोटारीची जेवढी हानि होते, तिच्याहून अधिक हानि पुष्कळदां घाईच्या उपायांनीं होते. बॅटरींत उरलीसुरली असलेली शक्ति अशा वेळीं उधळली जाते, स्टार्टर तापतो, आणि जो दोष पांच मिनिटांत उघडकीस आला असता तो दुसऱ्या दोन दोषांखालीं झांकून जातो.

पेट्रोलचें इंजिन आपण होऊन सुरू होऊं शकत नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. वाफेच्या इंजिनांत वाफ सोडली कीं दट्ट्या हालूं लागतो. येथें तसें नाहीं. दट्ट्या खालीं आल्यावांचून हवा व पेट्रोल आंत शिरत नाहींत. तो वर गेल्यावांचून त्यांचें मिश्रण दाबलें जात नाहीं. आणि मिश्रण दाबलें गेल्यावांचून ठिणगीचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाहीं. म्हणून आरंभींचे कांहीं फेरे बाहेरून कोणी तरी फिरवून द्यावे लागतात. पूर्वीं हें काम मनुष्याचा हात करी. इंजिनाच्या पुढल्या टोकाला लोखंडी हँडल अडकवून तें फिरवावें लागे, आणि ठिणगी वेळेआधीं पडली तर तेंच हँडल उलट उसळून मनगट मोडीत असे. हँडल धरतांना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, त्याची मूठ वळूं नये, हा त्या काळच्या चालकांचा पहिला धडा होता. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या संशोधकानें सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यांत आला, आणि तेव्हांपासून मनगटाचें काम हळूहळू विजेकडे गेलें. तरीही हँडल लगेच नाहींसें झालें नाहीं. जुन्या अँबॅसडरला भर रस्त्यांत हँडल मारतांना ज्यांनीं पाहिलें आहे अशीं माणसें अजून घरोघर आहेत.

आजच्या मोटारींत ही सारी भिस्त बॅटरीवर असते. शिशाचे पत्रे व पातळ केलेलें गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं प्रथम तयार केली. तिच्या रचनेचें मूळ तत्त्व आजही तेंच आहे. तिच्यांत सहा घरें असतात, पूर्ण भरलेल्या प्रत्येक घराचा दाब २·१ व्होल्टांच्या जवळपास असतो, म्हणून स्वस्थ व भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२·६ व्होल्ट भरतो. दाब १२·२ वर आला तर निम्मी शक्ति संपली असें समजावें. बाराच्याही खालीं गेला तर तिच्यांत फारसें कांहीं उरलेलें नाहीं. हे आंकडे मोटार कांहीं तास स्वस्थ उभी राहिल्यानंतरचे आहेत. नुकत्याच धांवून आलेल्या मोटारीची बॅटरी थोडा वेळ फुगीर दाब दाखविते, त्यावर विसंबूं नये.

येथें एक प्रश्न सर्वांना पडतो. दिवे तर लख्ख लागतात, भोंगा वाजतो. मग बॅटरींत दोष कसा असेल? या प्रश्नांतच सगळ्या विषयाची किल्ली आहे. पुढचे दोन्ही मोठे दिवे मिळून सुमारें दहा ॲम्पिअर विद्युत्प्रवाह घेतात. लहान पेट्रोल मोटारीचा स्टार्टर इंजिन फिरवितांना शंभर-दीडशे ॲम्पिअर ओढतो, आणि डिझेल मोटारीचा त्याहूनही अधिक. चाळींतील जुन्या नळाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हें सहज समजेल. नळींत गंज सांचलेला असला तरी तांब्या भरावयाला पाणी पुरतें, आणि नळ ठीक आहे असें वाटतें. परंतु तीच नळी एकदम चार बादल्या भरावयाला लावली कीं धार करंगळीएवढी होते. बॅटरीच्या टोकावर गंजाचा पातळ थर चढला आणि त्याचा विरोध एका ओहमाचा अवघा पन्नासावा भाग असला, तर दिव्यांच्या दहा ॲम्पिअरांना त्या ठिकाणीं ०·२ व्होल्टांची तूट येईल, जी डोळ्यांना कळणारही नाहीं. स्टार्टरच्या दीडशे ॲम्पिअरांना मात्र तेथेंच तीन व्होल्टांची तूट येते. हिशेब ढोबळ आहे, कारण तूट वाढली कीं प्रवाहही घटतो. पण थर आणखी जाड झाला तर स्टार्टरच्या वांट्याला इतका थोडा दाब उरतो कीं तो जागचा हालत नाहीं. दिवे लागतात म्हणून बॅटरी चांगली, हें जसें चुकीचें, तसेंच स्टार्टर फिरत नाहीं म्हणून बॅटरी गेली, हेंही चुकीचें. दोहोंच्या मध्यें तारा आहेत, आणि तारांच्या टोकांना चाप आहेत.

म्हणून मोटार उघडण्यापूर्वीं ती ऐकावी. छताचा लहान दिवा लावून ठेवावा, खिडक्या बंद कराव्या, आणि किल्ली एकदांच फिरवून कान व डोळे दोन्ही त्या क्षणापुरते तेथें ठेवावे. 'टिक्-टिक्-टिक्-टिक्' असा झपाट्याचा आवाज आला आणि दिवा त्याबरोबर लुकलुकला, तर बॅटरी बहुधा रिकामी झालेली आहे. स्टार्टरच्या पाठीवर एक विद्युत्चुंबकीय स्विच असतो. तो ओढला जातो, स्टार्टर प्रवाह खेंचतो, बॅटरीचा दाब कोसळतो, त्यामुळें स्विच सुटतो, दाब पुन्हां चढतो आणि स्विच पुन्हां ओढला जातो. ही ओढाताण सेकंदांत अनेक वेळां होते, तिचाच तो आवाज. इंजिन 'घर्रऽ घर्रऽ' असें कष्टानें, दम लागल्यासारखें फिरलें आणि दिवा मंदावला, तरी संशय बॅटरीवरच घ्यावा. एकच 'टिक्' झालें आणि दिवा तत्क्षणीं विझल्यासारखा झाला, तर चाप सैल किंवा गंजलेला असण्याचा संभव फार मोठा. एकच 'टिक्' होऊन दिवा मात्र पूर्ववत् तेजस्वी राहिला, तर दोष स्टार्टरमध्यें किंवा त्याच्या स्विचमध्यें आहे. तें काम घरीं होण्यासारखें नाहीं. आणि मुळींच आवाज न येतां दिवा जसाच्या तसा राहिला, तर मोटार बिघडलीच आहे असेंही नाहीं. कित्येक नव्या मोटारी क्लच पूर्ण दाबल्यावांचून स्टार्टरला आज्ञाच देत नाहींत; आपोआप गियर बदलणारी मोटार 'पी' किंवा 'एन्' या खुणेवर नसेल तर तीही गप्प राहते. किल्लीऐवजीं बटण असलेल्या मोटारींत खिशांतील किल्लीची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते आणि मालक इंजिनाला दोष देत बसतात. अशा वेळीं ती किल्ली बटणाला टेकवून बटण दाबलें कीं पुष्कळशा मोटारी सुरू होतात. कांहींत किल्लीसाठीं वेगळा खळगा असतो, तो कोठें आहे हें मोटारीबरोबरच्या पुस्तकांत दिलेलें असतें. हें पुस्तक मोटारीच्या कप्प्यांत कोऱ्या स्थितींत पडून राहण्याची चाल सार्वत्रिक आहे.

आतां झांकण उघडावें. बॅटरीच्या दोन टोकांवर पांढरा, हिरवट किंवा निळसर भुकटीसारखा थर दिसतो कां तें पाहावें. चाप हातानें धरून हलक्या हातानें पिळून पाहावा; तो तसूभरही फिरला तर तो सैल आहे. पुष्कळदां वरून सर्व स्वच्छ असतें, आणि शिशाचें टोक व चाप यांच्या मधल्या पृष्ठभागावर काळसर पापुद्रा धरलेला असतो. तो चाप काढल्यावांचून दिसत नाहीं. चाप काढण्याला पुष्कळ मोटारींत दहा नंबरचा पाना पुरतो. येथें क्रमाला महत्त्व आहे. उणें खूण असलेला काळा चाप आधीं काढावा आणि लावतांना तो शेवटीं लावावा. मोटारीचें सारें लोखंडी अंग उणें टोकाला जोडलेलें असतें; अधिक टोकाचा चाप सोडवितांना पाना चुकून त्या अंगाला टेकला तर शेंकडों ॲम्पिअरांचा प्रवाह पान्यांतून वाहूं लागतो, पाना लाल होतो, हात भाजतो आणि बॅटरी फुटण्याचीही भीति असते. उणें टोक आधींच सुटलेलें असेल तर पाना टेकून कांहीं होत नाहीं. याच कारणासाठीं हातांतील आंगठी, घड्याळ व बांगड्या काढून ठेवाव्या आणि गळ्यांतील लोंबती सांखळी आंत खोंचावी. डोळ्यांवर चष्मा असावा. अम्लाचा थेंब अंगावर उडालाच तर त्या जागेवर पाण्याची धार धरावी. डोळ्यांत गेला तर पंधरा-वीस मिनिटें डोळे धूत राहून लगेच डॉक्टरांकडे जावें.

साफ करण्याची कृति मात्र स्वयंपाकघरांतील आहे. खाण्याचा सोडा चमचाभर, कोमट पाणी पेलाभर, आणि टाकून दिलेला दांत घासण्याचा ब्रश. सोडा अम्लावर पडला कीं फसफसतो. फसफसणें थांबेपर्यंत घासावें, मग साध्या पाण्यानें पुसून कोरडें करावें. बॅटरीच्या झांकणांतून सोडा आंत जाऊं देऊं नये, नाहींतर तो आंतील अम्ल मारील. नंतर टोक व चापाची आंतली बाजू पॉलिश कागदानें चकाकेपर्यंत घासून चाप घट्ट बसवावे, आणि वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. घड्याळ मागें पडणें किंवा रेडिओनें आपलीं ठिकाणें विसरणें यापलीकडे बॅटरी सोडविल्यानें सामान्य मोटारीचें कांहीं बिघडत नाहीं. कांहीं नव्या मोटारींना आपल्या कांचा व इतर कांहीं गोष्टी पुन्हां शिकवाव्या लागतात, त्याची रीत त्याच उपेक्षित पुस्तकांत असते.

मेस्त्रीच्या निदानाविषयीं येथें एक सांगितलें पाहिजे. तो नवी बॅटरी आणतो, बसवितांना संवयीनें चाप घासतो, मोटार पहिल्या फेऱ्याला सुरू होते, आणि जुनी बॅटरी नादुरुस्त होती याबद्दल मालकाला, शेजाऱ्यांना व स्वतः मेस्त्रीलाही शंका उरत नाहीं. जुनी बॅटरी मोडींत जाते. कोणी कोणाला फसविलेलें नसतें. परंतु कांहीं हजार रुपये गेलेले असतात, आणि त्या घरची पुढची बॅटरीही अशीच जाणार असते. म्हणून आधीं चाप घासून पाहावे आणि मग बॅटरीचा विचार करावा. आपल्याकडील उन्हाळ्यांत बॅटरी सामान्यतः तीन ते पांच वर्षें टिकते. उष्णतेनें ती झिजते. मात्र झीज लक्षांत येते ती थंडीच्या एखाद्या पहांटे, कारण थंडींत तिची शक्ति घटते आणि घट्ट झालेल्या तेलांतून इंजिन फिरविण्याला जोर मात्र जास्त लागतो.

बॅटरी खरोखरच रिकामी झाली असेल तर ती कशी झाली हें शोधणें अगत्याचें आहे. पुढचे दिवे रात्रभर राहिले तर ३५ ॲम्पिअर-तासांची लहान बॅटरी चार तासांच्या आंत निकामी होते. आंतला पांच वॅटांचा दिवा, दार नीट न लागल्यामुळें जळत राहिला, तर तीच बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत संपते, आणि मोटार सुरू न होण्याइतकी ती त्याच्या कितीतरी आधीं उतरते. सामान ठेवण्याच्या पेटींतला दिवा तर झांकण लावल्यावर दिसतही नाहीं. आणि कांहीं न विसरतां नुसती उभी ठेवलेली मोटारही बॅटरी खातच असते. घड्याळ, चोरीची सूचना देणारें यंत्र, किल्लीची वाट पाहणारा संगणक हीं सारीं अहोरात्र जागीं असतात. त्यांचा एकत्रित प्रवाह एका ॲम्पिअरचा विसावा भाग धरला तरी दिवसाला १·२ ॲम्पिअर-तास खर्च होतात. महिनाभरांत ३५ चा सर्व संचय संपला. २०२० सालीं मार्च महिन्यांत टाळेबंदी सुरू झाली आणि घरोघरच्या मोटारी आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या, तेव्हां हा हिशेब अनेकांना प्रत्यक्ष अनुभवानें कळला. नुसती मोटार जागेवर पांच मिनिटें चालू करून बंद केल्यानें हा खर्च भरून येत नाहीं. आठवड्यांतून एकदां अर्धा-पाऊण तास ती रस्त्यावर धांवली पाहिजे. तें शक्य नसेल तर उणें चाप सोडवून ठेवावा. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवण्याचा विचार तर कोणीं मनांतही आणूं नये. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाहीं, रंग नाहीं, आणि तो माणसाला झोंप यावी तसा मारतो.

रिकाम्या बॅटरीला शेजारच्या मोटारीकडून जाड तारांनीं शक्ति उसनी घेतां येते. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टांच्या असाव्यात. मोठ्या ट्रकची व्यवस्था चोवीस व्होल्टांची असते, ती येथें घातक ठरेल. लाल तारेचें एक टोक रिकाम्या बॅटरीच्या अधिक टोकाला व दुसरें भरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावावें. काळ्या तारेचें एक टोक भरलेल्या बॅटरीच्या उणें टोकाला लावावें. राहिलेलें चौथें टोक रिकाम्या बॅटरीला न लावतां तिच्यापासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला लावावयाचें असतें. येथेंच बहुतेक लोक चुकतात, आणि चुकूनही सहसा कांहीं होत नाहीं म्हणून पुन्हां पुन्हां चुकतात. शेवटचें टोक लावतांना ठिणगी पडते. बॅटरींतून हायड्रोजन वायु सुटत असतो, आणि हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चार झालें कीं तो पेट घेऊं शकतो. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशीं पडावी कीं हातभर दूर, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु त्यावर तोंडाशीं वांकलेल्या माणसाचे डोळे अवलंबून असतात. फुगलेल्या, तडा गेलेल्या किंवा गळत असलेल्या बॅटरीवर हा प्रयोग मुळींच करूं नये. तारा जोडल्यावर चांगल्या मोटारीचें इंजिन चार-पांच मिनिटें चालू द्यावें, मग दुसरीची किल्ली फिरवावी, आणि ती सुरू झाल्यावर तारा उलट क्रमानें काढाव्या.

धक्का मारून मोटार सुरू करण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, आणि हातानें गियर बदलण्याच्या मोटारींत ती अजूनही चालते. किल्ली चालू ठेवावी, दुसरा गियर घालून क्लच दाबून धरावा, मोटार माणसाच्या धांवण्याइतक्या गतीला आली कीं क्लच सोडावा आणि इंजिन पेटतांच पुन्हां दाबावा. बॅटरी अगदींच मृत असेल तर हाही उपाय व्यर्थ जातो, कारण आजच्या इंजिनाला ठिणगीबरोबरच पेट्रोलच्या पंपालाही वीज लागते. उतारावर हा प्रयोग करणाऱ्यानें एक लक्षांत ठेवावें: इंजिन बंद असतां ब्रेकला यंत्राचें साहाय्य नसतें. एक-दोनदां दाबल्यावर तो दगडासारखा घट्ट होतो आणि मोटार अपेक्षेपेक्षां बरीच पुढें जाऊन थांबते. सुकाणूही जड झालेलें असतें.

इंजिन नेहमींच्या जोरानें फिरतें आहे, पण पेट घेत नाहीं, हा प्रकार निराळा. येथें बॅटरी व स्टार्टर आपलें काम करीत आहेत. उगाच त्यांना शिणवूं नये. एका वेळीं पांच-सात सेकंदांहून अधिक स्टार्टर फिरवूं नये, आणि दोन प्रयत्नांच्या मध्यें निदान अर्धा मिनिट विसांवा द्यावा. किल्ली चालू करतांच मागच्या आसनाखालून दोन सेकंद 'घूंऽ' असा बारीक आवाज पुष्कळशा मोटारींत येतो. तो पेट्रोलच्या पंपाचा. तो येत नसेल तर पंपाचा फ्यूज पाहावा. तो येत असेल तर टाकींत पेट्रोल आहे कां हें काट्यावर न विसंबतां आठवून पाहावें. शहरांतील पुष्कळ लोक आतां गॅसवर मोटार चालवितात. अशा बहुतेक मोटारी सुरू होतांना पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. मालक मात्र पेट्रोल भरावयाचें विसरलेले असतात, किंवा टाकींत तळाशीं वर्षभराचें शिळें पेट्रोल असतें. फळीवर किल्लीची किंवा कुलपाची आकृति लुकलुकत असेल तर चोरीला आळा घालणारा संगणक किल्ली ओळखत नाहीं असें समजून दुसरी किल्ली लावून पाहावी. पुष्कळ प्रयत्नांनंतर पेट्रोलचा उग्र वास आला तर इंजिनांत पेट्रोल अति झालें आहे. दहा मिनिटें थांबून, पायानें ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून किल्ली फिरवावी. पेट्रोलची फवारणी संगणकानें होणाऱ्या बहुतेक मोटारींत या स्थितींत पेट्रोल बंद होतें आणि हवेनें आंतील पेट्रोल वाळतें. पावसाळ्यांत आणखी एक शत्रु असतो. उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि तारा कुरतडतात. झांकण उघडतांच लेंड्या किंवा तारांच्या आवरणाचे तुकडे दिसले तर आणखी शोध न करतां मेस्त्रीला बोलवावें.

एक प्रसंग मात्र असा आहे कीं ज्यांत मोटार सुरू करण्याचा प्रयत्नच करावयाचा नसतो. जुन्या पुराच्या आठवणी कशाला, २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरलेले नाहींत. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि रस्त्यांतील असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. पाणी हवेच्या नळीवाटे इंजिनांत शिरलेलें असतें. हवा दाबतां येते, पाणी दाबतां येत नाहीं. पाणी भरलेल्या नळकांड्यांत दट्ट्या वर येऊं लागला कीं तो अडतो, आणि त्याला ढकलणारा लोखंडी दांडा वांकतो किंवा मोडतो. पाणी शिरणें हें मोटारीचें आजारपण आहे. किल्ली फिरविणें हा तिचा मृत्यु ठरूं शकतो. पाणी ओसरल्यावर मालक येतात, दार उघडतात, आणि 'बघूं तरी' म्हणून किल्ली फिरवितात. त्या एका फेऱ्यानें सफाईपुरतें असलेलें काम लाखाच्या घरांत जातें. साध्या विम्यांत पाण्यांत इंजिन फिरविल्यानें झालेलें नुकसान पुष्कळदां धरलें जात नाहीं. त्यासाठीं इंजिनाचा वेगळा विमा उतरावा लागतो. म्हणून पाणी ज्या मोटारीच्या इंजिनापर्यंत चढलें होतें तिची किल्ली खिशांतच ठेवावी, उणें चाप सोडवावा, आणि मोटार ओढून न्यावी. मेस्त्री प्लग काढून पाणी बाहेर काढील आणि तेल बदलील; तेल दुधाळ चहासारखें दिसलें तर पाणी तेथवर गेलें होतें हें उघड आहे.

आतां त्या चिरंजीवांकडे वळावें. आई रिक्षानें वेळेवर पोंचली. दुपारीं त्यांनीं छताचा दिवा लावून एकदांच किल्ली फिरविली. एक 'टिक्' झालें आणि दिवा पटकन् विझला. सकाळच्या दहा-बारा प्रयत्नांनीं बॅटरी संपली नव्हती, कारण गंजाच्या थरानें तिच्यांतून प्रवाह बाहेरच पडूं दिला नव्हता. त्या दोषानेंच बॅटरीचें रक्षण केलें होतें. शेजाऱ्यांकडून आणलेल्या मापकानें बॅटरीच्या दोन शिशाच्या टोकांवर दाब १२·५ भरला. मग मापकाची एक सुई अधिक टोकाच्या शिशावर आणि दुसरी त्याच टोकावरच्या चापावर टेकवून त्यांनीं मुलाला किल्ली फिरवावयास सांगितलें. एकमेकांना चिकटलेल्या त्या दोन वस्तूंत शून्याच्या जवळपास अंतर असावयास हवें होतें; मापकानें सात व्होल्ट दाखविले. चाप काढला तों आंतून काळा. वीस मिनिटांच्या घासकामानंतर मोटार पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली, आणि चार वाजतां आई डोळ्यावर झांकण घेऊन तिच्यांतूनच घरीं आली.

"काय झालें होतें रे तिला?" तिनें विचारलें.

"कांहीं नाहीं, आई. चाप मळला होता."

डब्यांतला खाण्याचा सोडा कोठें गेला, ही चौकशी सुनेनें संध्याकाळीं केली.